नष्ट केल्याची नोंद असलेली बाटली

मी, अश्वजित उकंडा मुनेश्वर, वय ६८, सेवानिवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मला मात्र त्यासाठी दाखला जोडावा लागला, कारण गेले दोन महिने माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याचे शाळेत आणि घरात बोलले जाते. डॉ. रंजिता चव्हाण यांनी आज सकाळी मला तपासले. किडन्या गेल्या आहेत, डोके शाबूत आहे.

१. दिग्रस येथील राहते घर मुलगी साधना हिला. तिची आई कोकिळा चार वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून घर आणि मी, दोघांनाही तीच सांभाळते. न्हाणीचे छत पावसाळ्याआधी दुरुस्त करून घ्यावे. माझ्यामागे जेवणावळ घालू नये.

२. रासायनिक तराजू, वजनांची पेटी आणि दोन ब्युरेट माझ्या पैशाने घेतलेली आहेत, शाळेची नव्हेत. जी शाळा अजून मुलांच्या हातात परीक्षानळी देते, तिला द्यावीत. शोधायला वेळ लागेल.

३. बँकेतील मुदत ठेव आमच्या प्रयोगशाळेचे परिचर मारोती डोमाजी यांना. साधनाने यावर रुसू नये, कारण पुढे लिहिले आहे ते वाचावे.

सन २००६ मध्ये शाळेची तपासणी लागली. कपाटात पिवळ्या फॉस्फरसची अर्धा किलोची बाटली होती, पाण्यात बुडवून ठेवलेली. हा पदार्थ पाण्याबाहेर आला की उन्हाळ्यात काडी न लावता पेटतो. अभ्यासक्रमातून तो केव्हाच गेला होता आणि ठेवण्याची परवानगी आमच्याकडे नव्हती. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "मुनेश्वर, उद्या सकाळी हे रजिस्टरात दिसता कामा नये." मी साठा नोंदवहीत "नष्ट केले" असे लिहून सही केली. आधी सही, मग नष्ट करू, असा विचार केला. विद्यार्थ्यांनी निरीक्षणाआधी निष्कर्ष लिहिला की मी त्यांची वही फेकत असे.

पुढच्या रविवारी मी आणि मारोती शाळेमागे गेलो. पहिलाच तुकडा चिमट्यातून निसटून मारोतीच्या तळहाताला चिकटला. पाणी ओतले की विझे, हात सुकला की पुन्हा पेटे. तो ओरडला नाही, माझ्याकडे बघत राहिला. त्यानंतर माझी हिंमत गेली. बाटली परत कपाटात ठेवली आणि अहवालात लिहिले की परिचराच्या निष्काळजीपणाने ॲसिड सांडले. तो स्वतःच म्हणाला होता, "सर, माह्या हातानं झालं म्हून लिवा. तुमची पोरगी लग्नाची हाये." मी लिहिले. त्याची वेतनवाढ रोखली गेली, त्याची दोन बोटे आजही वळत नाहीत. मला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची ती ढाल भंगारात द्यावी.

मारोती, मला याची लाज वाटते. हे तोंडावर सांगायला हवे होते. तुम्हाला ठेव मिळणार असल्यामुळे तुम्ही साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून आज तुम्हाला बोलावले नाही.

४. २००६ चे ते मुख्याध्यापक हयात नाहीत. असते तरी त्यांना काही दिले नसते.

५. सदर बाटली अजून शाळेच्या कपाटात आहे. दर शनिवारी मी तिच्यात पाणी घालत असे. निवृत्त झाल्यावर ते काम मारोतीने केले. मागच्या जूनमध्ये तोही निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी आले नाही आणि प्रयोगशाळेला कुलूप लागले. बाटलीचे रबरी बूच तडकलेले आहे. मारोतीने जाताना शेवटचे पाहिले तेव्हा तुकड्यांवर चार बोटे पाणी होते. आता एप्रिल आहे, पारा त्रेचाळीसवर आहे आणि भिंतीपलीकडे सहावीचा वर्ग भरतो.

मी फेब्रुवारीपासून हे सांगत आहे. आजचे मुख्याध्यापक जीवन राठोड माझेच विद्यार्थी. दहावीत पहिल्या बाकावर बसत. ते म्हणाले, "सर, रजिस्टरमंदी तुमचीच सही हाये, नष्ट केलं म्हून. जे नाईच, त्याच्यासाठी मी कोणाले पत्र लिवू?" तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी साधनाला फोन केला, "सरायले डॉक्टरले दाखवा ताई, तेच ते बोलून राह्यले." मला राग आला. पण त्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला, यात त्यांचा काय दोष?

पेन्शन जाईल, नाव जाईल, या भीतीने मी आजवर लेखी काही दिले नाही. हे ते लेखी.

६. मारोतीने निवृत्त होताना माझ्याकडे दिलेली कपाटाची किल्ली जीवन फकिरा राठोड यांना, माझ्या मरणाची वाट न पाहता, आजच. आधी सहावीचा वर्ग रिकामा करावा. अग्निशमनची गाडी बोलवावी. बाटलीला कोणीही हात लावू नये.

साक्षीदारांना मजकूर दाखवलाच पाहिजे असे नाही. तरी आज सकाळी नऊ वाजता मी दोघांना तो पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. वर लिहिलेले सर्व खरे आहे आणि मी ते राजीखुशीने लिहिले आहे.

ठिकाण : दिग्रस
दिनांक : २१ एप्रिल २०२५

सही : अश्वजित उकंडा मुनेश्वर

साक्षीदार १ : डॉ. रंजिता चव्हाण (सही)

साक्षीदार २ : जीवन फकिरा राठोड
सही :

टीप, सकाळी ९.४० : कलम सहा ऐकताच राठोड किल्ली घेऊन उठले. "सही येऊन करतो सर," म्हणाले. शाळा इथून दहा मिनिटांवर आहे. त्यांचा फोन लागत नाही. साधनाने शिपायाला फोन लावला. तो म्हणाला, "पोरायले मैदानात काढलं. गाडी अजून याची हाये. राठोड सर एकलेच आत गेले, लसणावानी वास येऊन राह्यला."

फॉस्फरस उघडा पडला की असाच वास येतो.

त्या खोलीत मी जायला हवे होते, एकोणीस वर्षांपूर्वी. साधना रिक्षा आणायला गेली आहे. एका साक्षीदाराच्या सहीने मृत्युपत्र कायद्याला चालत नाही, हे मला माहीत आहे. तरी दुसऱ्या सहीची जागा राठोडांशिवाय कोणीही भरू नये.