सांध्याशेजारचं पोलाद

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो.

आमचा साहेब पाइपलाइनचे पाइप लेसरने वेल्ड करून घेतो आणि सांधा चकाकला की स्वतःचीच पाठ थोपटतो. त्या उष्णतेने शेजारचं पोलाद क्षणात तापतं, क्षणात निवतं आणि ठिसूळ होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाच्या दाण्यांच्या जागी सुया दिसल्या, म्हणजे ठिसूळपणाची खूणच; त्या त्याला दाखवल्या. म्हणाला, "बाहेरून काही दिसतंय का?" एवढीच अक्कल. चौथी शिकलेले तुम्ही तापलेलं लोखंड राखेत हळूहळू निववायचात. या दीडशहाण्याला तेवढाही धीर नाही.

सांधे पक्के असल्याच्या दाखल्यावर तपासनीस म्हणून सही माझी हवी होती. मी केली नाही.

आईचा गुडघा कसा आहे? माझी खाट माळ्यावरच असेल ना? खाली काढून ठेवा.

तुमचा,
थोरला