मेलेल्या नवऱ्याचे राहिलेले सीन

३ मार्च
शूटिंगला सुरुवात. खऱ्या खुनांवरची मालिका. बायको नवऱ्याला दुधातून विष देते. नवरा मी. म्हणजे डोलारा माझ्याच खांद्यावर. आज थेट मेल्यानंतरचा सीन घेतला. टीव्हीत सीन उलटसुलट घेतात, नाटकवाल्यांना हे झेपत नाही. मरण पहिल्याच दिवशी उरकलं, आता फक्त जगायचं बाकी.

५ मार्च
कुरिअर ऑफिसात राजीनामा दिला. लग्न, हनिमून, भांडणं, संशय, एवढे सीन काय रजा काढून होतात? मॅनेजर म्हणाले, साहेब, पडद्यावर मेलं तरी घरी भूक लागतेच. कोती दृष्टी. हिला इतक्यात सांगत नाही.

११ मार्च
शूटिंगवाल्यांचा फोन नाही. डबा घेऊन वेळेवर निघतो, वाचनालयात बसतो. नजरेचा सराव. समोरच्या गृहस्थांकडे दगा झालेल्या नवऱ्यासारखं पाहिलं. ते पेपर घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. नजर पोचते.

१९ मार्च
न राहवून मालिकेच्या असिस्टंट डायरेक्टरला फोन केला. म्हटलं, मी मेलेला नवरा. त्यानं विचारलं, कुठल्या एपिसोडचा?
कामाचा ताण असणार बिचाऱ्यावर.

२६ मार्च
ही विचारते, डबा तसाच का परत येतो, माझ्या हाताची चव गेली का? म्हटलं, भूमिकेसाठी वजन उतरवतोय. ती बघत राहिली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

२ एप्रिल
असिस्टंट म्हणाला, लग्नाबिग्नाचे सीन दुसऱ्या नटानं केले, तरुण हवा होता. म्हटलं, मग उतारवयातले? तो म्हणाला, दादा, तुम्ही मेलात ना.
हरकत नाही. सगळी भिस्त आता मरणावर. मेल्यावर चेहरा असा ठेवलाय की बघणाऱ्यानं संसाराचा हिशेब मांडावा. कुणीतरी बोलावेलच. बोलवायलाच हवं.

६ एप्रिल
एपिसोड लागला. सासूबाई, मेहुणा, शेजारचे, सगळे जमले होते. ग्लास दिसला, बाई रडली, पोलीस आले. जमिनीवर चादर, चादरीबाहेर पाय. जाहिरात. सासूबाईंनी विचारलं, जावईबापू कधी येणार? ही म्हणाली, आई, आले होते ना, ते काय, ते पाय. मेहुणा म्हणाला, भावजी, पाय एकदम नॅचरल.

सगळे गेल्यावर हिला राजीनाम्याचं सांगितलं. खुर्च्या आवरता आवरता म्हणाली, माहीत आहे. परवा तुझ्या मॅनेजरना भेटून आले. तुझ्या टेबलावर नवा माणूस बसलाय. गोडाऊनमध्ये पार्सलं लावायला माणूस हवाय, तुझं नाव दिलंय. उद्या सकाळी जायचं.

उरलेल्या खुर्च्या मी उचलून ठेवल्या. शेवटी विचारलं, काम कसं झालं होतं गं?

ही म्हणाली, छान. अजिबात हलला नाहीस.