भांग वाकडा होईल

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. काळजी करू नकोस, तपासणी झाली. सुईतून औषध सोडलं आणि हृदयात रक्त कुठवर पोहोचतं, ते एमआरआयमध्ये बघितलं. दुखलं नाही. फक्त तू मला घातलेले कानातले काढताना नर्सबाई घामाघूम! म्हणाल्या, "कुणी बसवलेत एवढे घट्ट?" म्हटलं, "आईनं. निघू नयेत म्हणूनच."

बोगद्यासारख्या मशीनमध्ये नुसती ठकठक, आणि कानात एकच सूचना, "श्वास रोखा, हलू नका." मला हसूच आलं. शाळेच्या घाईत मला गुडघ्यांत धरून वेणी घालताना तू ओरडायचीस, "हलू नकोस गं बये, भांग वाकडा होईल!" मग मी अगदी तशीच गप्प पडून राहिले. तेलाचा वाससुद्धा आला बघ.

डॉक्टर म्हणाले, धडधड वाढली की एका कोपऱ्यात रक्त कमी पोहोचतं. आपल्या गल्लीतल्या शेवटच्या नळासारखं. गोळ्या सुरू केल्यात. बाबांचा खोकला कसा आहे?

येऊ नकोस, असं मागच्या पत्रात मीच लिहिलं होतं. पण हात वर धरले की दम लागतो, वेणी अर्धीच राहते.

ये ना आई. या वेळी मी अजिबात हलणार नाही.

तुझीच,
थोरली