ताय, ब्रश शोधू नकोस

पुतळीताय,

तुझे ब्रश मी रोह्याला घेऊन चाललोय. शोधत बसू नकोस.

सकाळी तांदूळ काढताना डब्यात तुझा रिपोर्ट सापडला. कॅन्सरनंतर छातीत बसवलेलं इम्प्लांट फुटलंय, आणि रिपोर्ट वीस दिवसांचा जुना आहे. डॉक्टरीणबाईंना फोन केला. जिवाला लगेच धोका नाही, पण काढावं लागेल, लांबवू नका, म्हणाल्या. तुलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. त्यावर तू म्हणालीस म्हणे, “गणपती जाव देत. कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला दुसरं कोण हाय?”

ताय, हे माझंच बोलणं आहे. कुंदाने गाठ दाखवली तेव्हा मी हातातली मूर्तीसुद्धा खाली ठेवली नाही. “गणपती जाव देत, मग बघू,” म्हणालो. ती “बरं” म्हणाली आणि रंग कालवायला बसली. विसर्जनानंतर गेलो तेव्हा उशीर झाला होता. सगळं पेण असंच बोलतं, पण माझं ऐकणारी माझी बायको होती.

मूर्तींचं काम देणाऱ्या रोह्याच्या शेटला सांगून येतो, उरलेल्या मूर्ती दुसरीकडून आखून घ्या. रागावला तर रागावू दे.

पेज झाकून ठेवली आहे. खाऊन तयार राहा. बाईंनी संध्याकाळी पनवेलला बोलावलंय, मी दोनपर्यंत येतो. “रघ्या, लय शहाणा झालास,” म्हणशील. म्हण.

ब्रश टाके निघाल्यावर देईन.

रघू