‘येते’ म्हणायचं नाही

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अकरा दिवसांत आठ मुक्काम! तू निवृत्त झालीस की फरार, एवढं एकदा कळव. तुझं कार्ड माझ्या हातात पडतं तेव्हा तू तिथून कधीच हललेली असतेस.

भावोजींनी हौसेनं बांधलेली मोटरहोम त्यांच्या माघारी तू एकटी चालवतेस याचा मला अभिमान वाटतो आणि धडकीही भरते. जनावरांचा डॉक्टर म्हणून सांगतो, कारण धाकट्या भावाचं तू कधी ऐकलेलं नाहीस. गाडी चालू असताना दोन्ही कुत्री बांधलेली हवीत, तीही छातीच्या पट्ट्याने, गळ्याच्या नव्हे. भिंगरी तुझ्या मांडीवर बसून रस्ता बघते, हे मला मुळीच चालणार नाही. निघण्याआधी दोन तास खाणं बंद. उन्हात बंद गाडीत पाच मिनिटंही सोडायचं नाही. आधी साखळी हातात, मगच दार उघडायचं. आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याची घरची सतरंजी धुऊ नकोस, तिला वास असू दे.

एकच विचारतो, एवढी घाई कसली आहे? मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझा
डॉक्टर

९ मार्च

चि. डॉक्टरास,
अ. उ. आ.

तुझ्या सूचना कपाटाच्या दारावर चिकटवल्या होत्या. भिंगरीने खालचा अर्धा कागद खाल्ला, त्यामुळे खाण्याचा नियम तिच्या पोटातच गेला. पट्टा मात्र घातलाय. पहिल्या वळणापर्यंत ती तुझ्या नावाने बोंब मारते, मग घोरते.

घाई मला नाही, म्हाताऱ्याला आहे. गाडी चालू असली की तो गाढ झोपतो. थांबली की दाराच्या पायरीवर जाऊन बसतो. पाव आणायला निघताना मी त्याला कुरवाळून ‘येते हं’ म्हणते, तर तो आणखीच ताठ होतो. परत येईपर्यंत जागचा हलत नाही, पाण्याला तोंड लावत नाही. मग माझाही जीव थाऱ्यावर राहत नाही. खुर्च्या दुमडते आणि किल्ली फिरवते. आत्ताही हे पत्र टाकीत पाणी भरता भरता लिहितेय, भरली की निघाले.

काल इथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं. अहवाल सोबत जोडलाय. वाच, पण मला घाबरवू नकोस.

पुढच्या मुक्कामाच्या पोस्टात तुझ्या शिव्यांची वाट बघते, पत्ता मागे लिहिलाय.

ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाबरवतोच. त्याची मूत्रपिंडं थकली आहेत. एका जागी दहा दिवस आराम आणि पोटभर पाणी मिळालं नाही, तर महिन्याभरात तो आपल्यात नसेल. याहून गोड शब्दांत मला सांगता येत नाही.

तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचताना ‘येते’पाशी अडखळलो. भावोजी रोज कामावर निघताना त्याला टपली मारून ‘येतो’ म्हणायचे. त्या सकाळी तपासणीला निघतानाही म्हणाले. मी गाडी घेऊन फाटकाशी होतो, मला ऐकू आलं. इस्पितळातून ते परत आलेच नाहीत. तो शब्द कानावर पडला की म्हातारा पहाऱ्याला बसतो, आणि तू रोज त्याला प्रेमाने तोच ऐकवतेस.

‘जाते’ म्हणायची आपल्या घरात सोय नाही, आईने जीभ हासडली असती. तेव्हा काहीच बोलू नकोस. गुपचूप बाहेर पड, दोन मिनिटांत ये, आल्यावर लाड नकोत. मग पाच मिनिटं, मग दहा. पण त्यासाठी आधी गाडी थांबली पाहिजे. ताई, पाया पडतो, थांब.

तुझा
डॉक्टर

२८ मार्च

चि. डॉक्टरास,
अ. उ. आ.

दहा दिवस झाले, मी इथेच आहे. चाकांना दगड लावले आणि किल्ली गाडी उभी आहे त्या जागेच्या मालकिणीकडे ठेवायला दिली. माझाच माझ्यावर भरवसा नव्हता. तिसऱ्या दिवशी मागायला गेले होते, तिने दिली नाही.

तीस वर्षं वर्गात बोलून पोट भरलेल्या बाईने तोंड मिटून दाराबाहेर पडायचं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं. पहिले पाच दिवस तो पायरीवरच. सहाव्या दिवशी नळावरून आले तर वाडगं रिकामं. मी भिंगरीवर डोळे वटारले, पण दाढी म्हाताऱ्याची ओली होती. तिथेच खाली बसून रडले. इथल्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, म्हणतात, सध्यापुरता धोका टळलाय. आज तर तो दाराकडे पाठ करून झोपला होता.

पुढच्या आठवड्यात निघू. दिवसाला दोन तासच चालवेन. तुझ्या फाटकाच्या कमानीची उंची मोजून ठेव, गाडी साडेनऊ फूट आहे.

आणखी एक. त्या सकाळी ‘येतो’ ते मलाही म्हणाले होते. मी पाठमोरी, तपासण्यांची फाईल शोधत होते आणि तू बाहेर हॉर्न वाजवत होतास. ‘या’ म्हणायचं राहूनच गेलं. वाट काही म्हातारा एकटा बघत नव्हता रे. तो पायरीवर बसून बघत होता आणि मी गाडी चालवत.

आज त्याच्याशेजारी पायरीवर बसले आणि रस्त्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, ‘या.’

म्हाताऱ्याने एक कान हलवला आणि पुन्हा झोपला.

लोभ आहेच, फाटक तेवढं उघडं ठेव.

ताई