इंटर्व्हलनंतरचा बाप

रीडिंग, १२ मार्च २०२६

चि. मालविकास अनेक आशीर्वाद.

पूर्वी तुझ्या नावामागे 'सौ.' यायचं. तुझ्या-परीक्षितच्या घटस्फोटाला दोन वर्षं होत आली, तरी ह्या सासऱ्याचं पेन तिथे अडखळतंच. असो. मी बरा आहे. गुडघा इथल्या विलायती थंडीत कुरकुरतो, पण बसस्टॉपपर्यंत नेतो. तू दिलेलं मेतकूट संपत आलं. परीक्षितही बरा आहे; तू विचारत नाहीस, तरी लिहितो.

पाडव्याचं जेवण तू पुढच्या शनिवारी ठेवलंस, स्टॅनमोरला या म्हणालीस. मी फोनवर नुसतं हं-हं करत राहिलो. म्हणून हे पत्र.

आपण दोघं तो हिंदी मारामारीचा सिनेमा बघायला गेलो होतो, आठवतं? बसड्रायव्हर बापाला गुंड पुलावर मारतात, मग मुलगा एकेकाला लोळवतो. पर्समधून चिवडा नेला होतास. बाप गेला तशी मला रडू फुटलं, तर माझा हात धरून म्हणालीस, "बाबा, खोटं असतं हो. तो घरी जाऊन जेवत असेल."

तोच सिनेमा आता तामिळमध्ये केलाय. रविवारी परीक्षितच्या ऑफिसातली अखिला मला घेऊन गेली. मूळची मदुराईची, पुण्यात शिकलेली, मोडकंतोडकं मराठी बोलते. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं येतात. मी तीन शब्द वाचेपर्यंत चार माणसं आडवी. पण गोष्ट पाठ, म्हणून अडलं नाही. तीच बस, तोच पूल, माणसं मात्र दुसरी. आपल्याच स्वयंपाकघरात कुणीतरी डबे बदलून ठेवावेत, तसं वाटत होतं.

बाप पुलावर आला. मी डोळे मिटले, हात शेजारी नेला आणि "मालविका, आलं बघ," असं म्हणून गेलो.

तिने हात धरला. "बाबा, वेट. ह्यात ते नाही मरत."

खरंच मेला नाही. इंटर्व्हलनंतर प्लास्टर घालून घरभर वावरला, मुलावर ओरडला, सुनेच्या हातचा भात जेवला. मी विचारलं, "ह्याला कशाला जगवला?"

"आमच्याकडे बाबाला मारलं तर पब्लिक चिडते," म्हणाली आणि हसली. चुकलेल्या नावाबद्दल चकार शब्द नाही.

मला ती आवडली, मालविका. आवडून घ्यायचं नाही, असं ठरवून गेलो होतो. तुला हे लिहिताना फार कानकोंडं होतंय.

मे महिन्यात परीक्षितचं आणि तिचं लग्न आहे. लिहून झालं एकदाचं. तो म्हणाला, "तुम्ही नका सांगू, मी बघतो." पण तुला दुसरीकडून कळायला नको, म्हणून मीच लिहिलं.

आता शनिवारी तुझ्याकडे कोण म्हणून येऊ, हेच उमजत नाही. एका सिनेमातला बाप मधेच संपला, दुसऱ्यातला शेवटपर्यंत टिकला. मी कुठल्यातला, ते माझं मला कळेना. तुला कळलं तर सांग.

श्रीखंडासाठी दही शुक्रवारी टांगू की नको, एवढंच कळवलंस तरी पुरे. टांगलं, तर सगळं स्टॅनमोरलाच घेऊन येईन.

खालची सही एकदा खोडून पुन्हा केलीय.

तुझा,
बाबा
(चालत असेल तर)