एक जास्तीचा वाचक

प्रिय धाकट्या,

बाबा जाऊन तीन आठवडे झाले. फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं ‘बरं’ म्हणालास. मला राग आला नाही. मला सध्या काहीच येत नाही, रडूसुद्धा. कामावर जाते, कपडे वाळत घालते, शेजारीण काही बोलली की हसतेही. घड्याळं मात्र कोणी किल्ली न दिल्यामुळे एकेक करून थांबली. राहू देत.

दुकान बंद केल्यावर मी बाबांना वेबसाइट काढून दिली होती, हे तुला ठाऊक नसेल. सात वर्षं तू या घराचं नाव घेतलं नाहीस, तुला कोण सांगणार! दर शनिवारी ते एका बोटाने टाइप करत, दुरुस्त केलेल्या एखाद्या घड्याळाची गोष्ट लिहायचे. साइट सारखी मान टाकायची आणि बाबांचं तोंड एवढंसं व्हायचं. म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर मी एक फुकटचा प्रोग्रॅम बसवला, कुणा भल्या माणसांनी लिहून सगळ्यांना खुला केलेला. तो दर मिनिटाला साइट उघडून बघायचा. बंद दिसली की मला मेसेज. पण दिवसभर लोकांच्या साइट सांभाळणारी तुझी ताई एक साधी गोष्ट विसरली. रोज सकाळी बाबांना कालच्या वाचकांचा आकडा मेलवर यायचा, आणि हा पठ्ठ्या दर मिनिटाला वाचक म्हणून मोजला जात होता.

दिवसाला चौदाशे चाळीस वाचक! चूक लक्षात आली, पण सांगायला जीभ रेटेना. बाबा इतक्या हौसेने लिहीत होते. स्वतः ते पान कधी उघडायचे नाहीत. मापात पाप नको, म्हणायचे. एखाद्या सकाळी आकडा चौदाशे एकेचाळीस यायचा. त्या दिवशी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि दोनदा चहा. मी म्हणायचे, म्हातारपणी सुचतं काहीतरी.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी त्यांनी मला विचारलं, तो एक जास्तीचा धाकटाच ना? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसाची मिनिटं किती, हे घड्याळजीला मी काय शिकवणार! चौदाशे चाळीस कुठून येतात ते त्यांनी केव्हाच ओळखलं होतं, माझा हिरमोड नको म्हणून गप्प राहिले होते. ते फक्त त्या एकाची वाट बघायचे. मी हो म्हणाले. धाकट्या, तो जास्तीचा वाचक मीच होते. ऑफिसात डबा खाता खाता कधीतरी त्यांचा लेख वाचायचे.

गेल्या आठवड्यात मी तो प्रोग्रॅम बंद केला. मीही आता ते पान उघडत नाही. रोज सकाळी मेल येतो, वाचक शून्य. शेवटचा लेख तू लहानपणी खोललेल्या आणि पुन्हा जुळवता न आलेल्या गजराच्या घड्याळावर आहे. तुझ्या हाताला वळण नाही, असं ते दुकानात चारचौघांत म्हणाले आणि तू निघून गेलास, त्याबद्दलही चार ओळी आहेत. त्या मी इथे उतरवून देणार नाही. त्यांना माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझं तू बघ. पण एकदा ते पान उघड. एका सकाळी मेलमध्ये शून्याच्या जागी एक येऊ दे. मी बाबांना खोटं सांगून पाठवलंय रे. उशिरा का होईना, ते खरं कर.

तुझीच,
ताई